उपचारकाचे मत आणि रुग्णाची अमानत



शरीराच्या आजारात डॉक्टरचा पक्ष कोणता, हे आपण सहसा विचारत नाही. दाढ काढणाऱ्याने मत कोणाला दिले, याने दाढेचे दुखणे कमी-जास्त होत नाही. मनाच्या आजारात मात्र हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर उभा राहतो. तेथे रुग्ण नाडी पुढे करत नाही. घरातील कलह, बालपणीची भीती, संसारातील दुःख, नोकरीतील अपमान, कधी कधी श्रद्धेतील चलबिचलही उघड करतो. हे सारे ज्या व्यक्तीपुढे ठेवायचे, ती व्यक्ती आपल्या समाजाविषयी काय विचार करत असेल, ही शंका मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

हा प्रश्न अलीकडे मला निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. त्याचा सारांश असा: "मौलाना, मी काही महिने एका समुपदेशक बाईंकडे जाते. गुण येतो आहे, रात्री झोप लागू लागली आहे. पण परवा त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आमच्या समाजाविरुद्ध उघड बोलणाऱ्या एका नेत्याची स्तुती दिसली. तेव्हापासून त्यांच्यासमोर बसले की शब्द फुटत नाहीत. माझे ऐकताना त्या मनात काय म्हणत असतील? उपचार सोडून देऊ का?"

"ताबडतोब सोडा" किंवा "असले विचार मनात आणू नका" असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येईल. पण ही दोन्ही उत्तरे विचारणाऱ्यावर अन्याय करतात. पहिले उत्तर तिच्या हातून चालू असलेला उपचार काढून घेते. दुसरे उत्तर तिची भीती खोटी ठरवते. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या.

चिंता निराधार नाही

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की मनाचा उपचार आणि सत्तेचे मत यांची गाठ इतिहासात पडलेली आहे आणि तिचे परिणाम भयंकर झाले आहेत.

सोव्हिएत रशियात सरकारवर टीका करणाऱ्या माणसांना वेडे ठरवून मनोरुग्णालयांत डांबले जाई. तेथील काही मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाची व्याख्या इतकी सैल केली होती, की राज्यव्यवस्था बदलावी असा आग्रह धरणे हेसुद्धा आजाराचे लक्षण मानता येई. १९७७ साली होनोलुलू येथे भरलेल्या जागतिक मानसोपचार संघटनेच्या अधिवेशनात या प्रकाराचा निषेध झाला आणि पुढे १९८३ साली सोव्हिएत संघटना त्या संस्थेतून बाहेर पडली. तेथे चाबूक किंवा बेडी लागली नाही; निदानाचा एक कागद पुरला.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. फ्रेंच अमलाखालील अल्जेरियात आंत्वान पोरो आणि त्यांच्या शिष्यांचा एक मानसोपचार संप्रदाय होता. अल्जेरियन मुसलमान हा जन्मतःच अविचारी, आवेगी आणि हिंसेकडे झुकणारा असतो, असे हा संप्रदाय शास्त्र म्हणून शिकवीत असे. वसाहतीचे राजकारण वैद्यकाचा झगा घालून रुग्णाच्या खाटेशेजारी उभे होते. ज्याला आधीच कमी प्रतीचा माणूस ठरवले आहे, त्याचे दुःख ऐकून कोण घेणार?

तेव्हा कोणी बहीण किंवा भाऊ या भीतीने आपल्याकडे आला, तर त्याला संशयी म्हणून झिडकारू नका. भाड्याने घर पाहायला गेल्यावर नाव ऐकताच ज्यांना "जागा दिली गेली" असे उत्तर मिळालेले असते, त्यांनी बंद खोलीत परक्यापुढे मन उघडताना दचकावे, यात नवल नाही.

मत वेगळे, अमानत वेगळी

परंतु भीतीला कारण आहे, एवढ्यावरून प्रत्येक वेगळ्या मताचा माणूस अप्रामाणिक ठरत नाही. येथे कुरआनने दिलेली दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. सूरह आलि इमरानच्या ७५व्या आयतीत ग्रंथधारकांविषयी सांगितलेले आहे, की त्यांच्यात असेही लोक आहेत ज्यांच्याजवळ संपत्तीचा ढीग ठेवला तरी ते तो परत करतील, आणि असेही आहेत जे एक दीनारदेखील मागे लागल्याशिवाय देणार नाहीत. विचार करा, ज्या गटाशी वैचारिक संघर्ष चालू होता, त्या गटाविषयी बोलतानाही सर्वांना एका मापाने मोजलेले नाही. अमानत पाळणे हा माणसामाणसाचा गुण आहे. त्याची पारख गटाच्या नावावरून होत नाही, व्यवहारावरून होते.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. हिजरतच्या वेळी मक्केतून मदीनेस जाण्यासाठी वाट दाखवणारा जाणकार हवा होता. पैगंबर (स.) आणि आदरणीय अबू बक्र (रजि.) यांनी त्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या माणसाला मजुरीवर ठेवले. सहीह बुखारीतील कथनानुसार तो त्या वेळी कुरैशांच्याच धर्मावर होता. त्याच्या स्वाधीन दोन उंटिणी करण्यात आल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी येण्याचे ठरले. इकडे कुरैशांनी पैगंबरांना (स.) पकडून आणणाऱ्यास शंभर उंटांचे इनाम लावले होते. या माणसाच्या तोंडून निघालेला एक शब्द पुरेसा होता. पण तो ठरल्या वेळी आला आणि त्याने वाट दाखवली. इमाम इब्नुल कय्यिम (रह.) यांनी याच प्रसंगावरून असा निष्कर्ष काढला, की औषधोपचार, हिशेब यांसारख्या कामांत मुस्लिमेतर जाणकाराचा सल्ला घेता येतो, कारण हिजरतच्या वाटेवरील वाटाड्याहून अधिक जोखमीची जागा दुसरी कोणती असणार? माणसाचा धर्म वेगळा आहे, एवढ्यावरून तो कोणत्याच बाबतीत भरवशाचा नाही, असे ठरत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

मात्र या प्रसंगातील एक बारकावा विसरू नका. तो वाटाडा कोणीही वाटसरू नव्हता. तो आपल्या कामात निष्णात होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवता येईल, ही खात्री करून त्याला निवडले होते. विश्वास आंधळा नव्हता आणि अविश्वासही आंधळा नव्हता.

दुसरी हकीकत बगदादची. नवव्या शतकातील थोर वैद्य आणि अनुवादक हुनैन बिन इसहाक हे ख्रिस्ती होते आणि खलीफा मुतवक्किलच्या दरबारात होते. वैद्यांच्या इतिहासाचे लेखक इब्न अबी उसैबिआ यांनी नोंदवले आहे, की खलीफाने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी, शत्रूला मारता येईल असे विष तयार करण्याची आज्ञा केली आणि मोठे इनाम देऊ केले. हुनैननी नकार दिला. त्यांना सुमारे एक वर्ष कैदेत ठेवले, नंतर मृत्यूची धमकी दिली, तरी ते बधले नाहीत. कारण विचारले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: आपला धर्म शत्रूशीही भलाईने वागण्यास सांगतो, आणि आपला व्यवसाय माणसांच्या हितासाठीच निर्माण झाला आहे, त्यांना इजा करणे त्याला निषिद्ध आहे. मग खलीफाने त्यांना विश्वासाने जवळ केले. मुस्लिम खलीफाचा जीव एका ख्रिस्ती वैद्याच्या हाती सुरक्षित होता, आणि त्याला सुरक्षित करणारी वस्तू मतैक्य नव्हती. ती व्यवसायाची अमानत होती.

समुपदेशक म्हणजे तरी कोण? ज्याच्यापाशी सल्ला मागितला जातो, तो. आणि ज्याला सल्ला विचारला जातो तो अमानतदार असतो, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांत आली आहे. दुसऱ्या एका हदीसचा भाव असा, की कोणी गोष्ट सांगताना इकडेतिकडे पाहिले, तर ती गोष्ट ऐकणाऱ्याकडे अमानत झाली. "कोणाला सांगू नका" असे मुखाने म्हणण्याचीही गरज उरत नाही. समुपदेशकाच्या खोलीत बसलेला प्रत्येक माणूस असाच इकडेतिकडे पाहत बोलत असतो.

मत कोठे झिरपते?

आता प्रश्नाच्या मर्माकडे येऊ. उपचारकाचे राजकीय मत उपचारात उतरते की नाही? याचे खरे उत्तर असे, की ते सगळीकडे सारखे उतरत नाही.

अमेरिकेत २०१६ साली येल विद्यापीठातील दोन संशोधकांनी प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे काही काल्पनिक रुग्णांची वर्णने ठेवली. दारू किंवा लठ्ठपणा यांसारख्या बाबतींत दोन्ही पक्षांच्या डॉक्टरांची उत्तरे जवळजवळ सारखीच आली. पण गर्भपात, गांजा, घरातील बंदूक, असे जे विषय तेथे राजकीय वादाचे झाले आहेत, त्यांत डॉक्टरांचे उत्तर त्यांच्या पक्षाप्रमाणे बदलले. म्हणजे मत सर्व उपचारांवर पसरत नाही. जेथे दुखणे आणि राजकारण एकमेकांना चिकटलेले असतात, तेथे ते झिरपते.

फिक्हच्या अभ्यासकाला ही विभागणी अनोळखी वाटणार नाही. हनफी फुकहांनी मुस्लिमेतर वैद्याकडून उपचार घेण्यास आडकाठी केली नाही. पण आजारासाठी रमजानचा रोजा सोडावा का, हे ज्याच्या सांगण्यावरून ठरवायचे, तो वैद्य निष्णात असावा, मुस्लिम असावा आणि उघड पापाचरणी नसावा, अशी अट घातली. यामागील दृष्टी समजून घ्या. ताप उतरवणे एक गोष्ट. ज्या जागी वैद्याच्या निर्णयाने इबादतच बदलणार, ती जागा वेगळी. माणूस एकच, पण एका ठिकाणी त्याचे मत गौण आणि दुसऱ्या ठिकाणी ते निर्णायक होते.

म्हणून स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: माझे दुखणे कोणत्या जातीचे आहे? बाळंतपणानंतरची उदासी, परीक्षेची धडकी, लिफ्टमध्ये श्वास कोंडणे, हात पुन्हा पुन्हा धुण्याची सक्ती, वुजू झाला की नाही या वसवशाने नळाखाली तासभर उभे राहणे, यांत समुपदेशकाचे मत कोणत्या पक्षाला जाते, याचा संबंध थोडा. परंतु ज्याने दंगलीत आपले घर जळताना पाहिले आहे, ज्याला कार्यालयात रोज नावावरून टोमणे ऐकावे लागतात, जिला हिजाबमुळे रस्त्यावर अडवले गेले आहे, त्याच्या किंवा तिच्या दुखण्याचा धागा थेट राजकारणात गेलेला असतो. तेथे ऐकणारा मनातून "एवढे काय झाले?" म्हणत असेल, तर जखमेवर मीठ पडते. अशा रुग्णाने उपचारक अधिक पारखून घेणे हा त्याचा दोष नव्हे, ते शहाणपण आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. केवळ आपल्या बाजूचे मत असणे हीसुद्धा पुरेशी हमी नव्हे. वर ज्या अल्जेरियाचा उल्लेख केला, तेथेच १९५३ साली ब्लिदा येथील मनोरुग्णालयात फ्रांत्स फॅनन हे मार्तिनिक बेटावरचे तरुण कृष्णवर्णीय डॉक्टर रुजू झाले. वसाहतवादाचे ते कट्टर विरोधक. रुग्णांविषयी त्यांच्या मनात कळकळ होती. त्यांनी युरोपीय स्त्रियांच्या विभागात सामूहिक सभा, समारंभ, विणकाम असे उपक्रम सुरू केले आणि त्यांना यश आले. तेच उपक्रम मुस्लिम पुरुषांच्या विभागात नेले तेव्हा मात्र ते फसले. का? रुग्णांची भाषा, कुटुंबरचना, सण, करमणुकीची रीत, यांचा विचारच झाला नव्हता. मग त्यांनी रुग्णांसाठी तेथील पद्धतीचे कॉफीगृह उघडले, मुस्लिम सण साजरे करण्याची व्यवस्था केली, आणि रुग्ण हळूहळू बोलते झाले. मत बरोबर होते, पण ज्ञान अपुरे होते. उलट, मत वेगळे असलेली पण नम्रपणे विचारून घेणारी व्यक्ती पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते.

याच फॅनननी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात छळ सोसलेल्या अल्जेरियन लोकांवर उपचार केले आणि छळ करणाऱ्या फ्रेंच पोलिसांवरही केले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या रुग्णांच्या नोंदी आहेत. एक पोलीस अधिकारी घरी बायको-मुलांना मारू लागला म्हणून त्यांच्याकडे आला. त्याला कैद्यांचा छळ सोडायचा नव्हता, तो करताना मनाला टोचणी लागू नये एवढेच हवे होते. फॅननचे मत त्या माणसाच्या संपूर्ण विरोधात होते, तरी त्याला रुग्ण म्हणून त्यांनी दारातून परत पाठवले नाही. पण शेवटी १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला. ज्या देशात माणसाला स्वतःच्याच भूमीत परका करून ठेवले आहे, तेथे त्याचे मन ठिकाणावर आणण्याचे काम अशक्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. उपचारकाच्या निष्पक्षपणालाही परिस्थितीची एक मर्यादा असते, हे यातून दिसते.

गुमान, हेरगिरी आणि पडताळणी

सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत ईमानधारकांना तीन गोष्टींपासून रोखले आहे: पुष्कळसे गुमान, दुसऱ्यांची हेरगिरी आणि पाठीमागे निंदा. क्रम पाहा. आधी मनात शंका येते, मग माणूस तिच्या पुराव्यासाठी खणू लागतो, आणि जे सापडते ते चारचौघांत वाटत सुटतो. आजच्या काळात हे तीनही टप्पे एका मोबाइलवर दहा मिनिटांत पुरे होतात. समुपदेशकाच्या खात्यावर जाऊन पाच वर्षांपूर्वीच्या नोंदी, तिच्या नवऱ्याची मते, भावाच्या लग्नातील छायाचित्रे चाळणे, ही पडताळणी नव्हे. हे तजस्सुस आहे. जे सहज नजरेस पडले ते वेगळे, आणि जे शोधून काढले ते वेगळे.

त्याच सूरहच्या ६व्या आयतीत मात्र अविश्वसनीय माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्यास सांगितले आहे, जेणेकरून अजाणता कोणाला इजा पोहोचू नये आणि मागाहून पस्तावा होऊ नये. म्हणजे डोळे मिटून घ्या, असे इस्लाम सांगत नाही. योग्य जागी उघडा, असे सांगतो. ती योग्य जागा कोणती? उपचाराची खोली. स्टेटसमध्ये काय होते, यापेक्षा खोलीत काय घडते, ते पाहा.

माझ्या बोलण्यातील प्रत्येक दुःखाला समुपदेशक "तुमच्यात असेच असते" असे उत्तर देतात का? मी सासूविषयी बोलत असताना गाडी हिजाबवर किंवा चार विवाहांवर वळवली जाते का? नमाज, रोजा, पर्दा यांनाच आजाराचे मूळ ठरवले जाते का? उपचाराशी संबंध नसलेले राजकीय प्रश्न मला विचारले जातात का? आणि उलट बाजूने: माझे नाव, सण, नाती त्या नीट लक्षात ठेवतात का? चूक दाखवल्यावर ऐकून घेतात का? मागच्या भेटीत सांगितलेले त्यांना आठवते का? मला बरे वाटू लागले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल, तर ती साक्ष हलकी मानू नका. झोप परत आली, मुलांवरचे ओरडणे थांबले, भूक लागू लागली, ही आपल्या स्वतःच्या शरीराने दिलेली साक्ष आहे. तिच्यासमोर एका छायाचित्राची साक्ष किती वजनाची, हे न्यायबुद्धीने ठरवा.

आणखी एक गोष्ट प्रेमाने सांगतो. मन आजारी असताना ते पळवाटा शोधते. उपचारात एखादी अवघड जागा आली, जुनी जखम उघडण्याची वेळ आली, की नफ्स कुजबुजतो: "सोड, ही बाई आपल्यातली नाही." ही कुजबुज नेमकी कधी सुरू झाली, ते तपासा. स्टेटस पाहिल्यावर, की त्याआधीच न जाण्याचे बहाणे सुचू लागले होते?

विचारण्याचे धैर्य

शंका मनात ठेवून गप्प बसणे आणि शंका घेऊन निघून जाणे, या दोहोंमध्ये एक तिसरा मार्ग आहे: सभ्यपणे विचारणे. "मॅडम, तुमचे स्टेटस माझ्या पाहण्यात आले. मी मुस्लिम आहे. ते पाहिल्यापासून मला तुमच्यापुढे मोकळेपणाने बोलता येत नाही. याविषयी बोलू या का?" एवढेच. यात आरोप नाही, वादविवादाचे निमंत्रण नाही. रुग्णाविषयी उपचारकाच्या मनात उठणाऱ्या स्वतःच्या भावना ओळखणे आणि त्यांना आवर घालणे, हा या व्यवसायाच्या शिक्षणाचाच भाग आहे. फ्रॉइडने १९१० सालीच याकडे लक्ष वेधले होते. चांगला समुपदेशक हे ऐकून रागावत नाही. तो थांबतो, ऐकतो आणि आपल्या वागण्याची जबाबदारी घेतो. जो उसळतो किंवा हसण्यावारी नेतो, त्याने आपल्याला उत्तर दिलेच आहे.

अशा वेळी उपचारक बदलण्यात कसलीही कृतघ्नता नाही. पण उपचारक बदला, उपचार सोडू नका. गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना किंवा दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच बदल करा. मधल्या काळात आधार हवा असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

देशाचा कायदाही आपल्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या १८व्या कलमानुसार धर्म, जात, संस्कृती, तसेच सामाजिक किंवा राजकीय मत यांवरून उपचारात भेदभाव करता येत नाही. ३ऱ्या कलमानुसार एखाद्याचा धार्मिक गट किंवा त्याची राजकीय स्थिती यांवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, आणि २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. खरोखर अन्याय झाला असेल, तर रीतसर तक्रार करा. पण मोहल्ल्यात "ती बाई अमुक पक्षाची आहे, तिच्याकडे जाऊ नका" अशी हवा पसरवू नका. तिच्या वागण्याची प्रत्यक्ष इजा झाली असेल आणि कोणी सल्ला विचारला, तर घडले तेवढे सांगणे उलमांनी जायज मानले आहे. ऐकीव गोष्टीवरून केलेली बदनामी मात्र गीबत किंवा बोहतानच्या दारात नेते. शिवाय आपल्या एका वाक्यामुळे दुसऱ्या कोणा बहिणीचा उपचार थांबला, तर त्याचा हिशेब कोण देणार?

आता आरसा आपल्याकडे

हा प्रश्न येथेच संपवला, तर तो अर्धा राहील. आपल्या समाजातील मुले-मुली आता डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, समुपदेशक होत आहेत. उद्या त्यांच्यापुढे असा रुग्ण येईल, ज्याच्या मोबाइलच्या पडद्यावर त्याच नेत्याचे छायाचित्र असेल. तेव्हा त्याची सुई थोडी जोरात टोचली जाईल का? त्याच्या रडण्याकडे थोडे कमी लक्ष जाईल का? सूरह मायदाच्या ८व्या आयतीत ताकीद आहे, की एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. न्याय करा, तेच तक्व्याच्या अधिक जवळ आहे. ही आयत मित्रांविषयी नाही. ज्यांचा राग येण्याला कारण आहे, त्यांच्याविषयीच ती आहे.

आणि आम्हा इमामांनीही आपल्याकडे पाहावे. उदासीने खंगलेला तरुण आमच्याकडे येतो, तेव्हा "तुझे ईमान कमजोर आहे" असे म्हणून आम्ही त्याला परत पाठवतो का? त्याचे दुःख ऐकण्याआधी तो कोणत्या जमातीचा, कोणत्या मसलकचा, हे पाहतो का? असे असेल, तर मताने उपचारावर मात केली, ही आमचीच तक्रार आमच्यावर उलटते. ज्याला वैद्यक ठाऊक नसताना त्याने उपचार केला, तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मनाच्या आजारात दुआ अवश्य करावी, धीर द्यावा. पण जेथे तज्ज्ञाची गरज आहे तेथे त्याच्याकडे पाठवणे हीच आमच्याकडील अमानत आहे. पैगंबरांनी (स.) उपचार घेण्यास सांगितले आहे, आणि प्रत्येक आजारासोबत अल्लाहने त्याचा इलाजही उतरवला आहे, ही शिकवण फक्त तापापुरती मर्यादित नाही.

तेव्हा, प्रिय भगिनी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: त्या बाईंचे मत तुला खुपले, हे खरे आहे आणि ते खुपणे योग्य आहे. पण त्यांच्या मताचा निवाडा करण्यासाठी तू तेथे जात नाहीस. तू तुझी अमानत त्यांच्याकडे ठेवली आहेस. ती सांभाळली जाते आहे का, एवढे पाहा. सांभाळली जात असेल, तर अल्लाहचे आभार मानून उपचार पुरा कर, कारण तो आपल्या बंद्यांसाठी मदत कोणाच्या हातून पाठवील, हे त्यालाच ठाऊक. संशय असेल, तर तोंडावर विचार. सांभाळली जात नसेल, तर उठून दुसरे दार ठोठाव. दारे पुष्कळ आहेत.

अल्लाह सर्व आजारी मनांना शिफा देवो, उपचार करणाऱ्यांच्या हाताला यश आणि अंतःकरणाला न्याय देवो, आणि आपणा सर्वांना एकमेकांच्या अमानती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.